होळीआधी एरचला

क्लबच्या उत्तर भारतातल्या सहलींच्या यादीत झाशी हमखास असते. किल्ला बघायचा, मग गणेश मंदिर, जिथे १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी ओरछा, की परतीची गाडी. यंदा एक दिवस वाढवा आणि एरचला जा.

झाशी जिल्ह्यातलंच हे गाव, बेतवेच्या काठावर. बेतवा म्हणजे कालिदासाच्या मेघदूतातली वेत्रवती. हिरण्यकशिपूची राजधानी हीच, प्रल्हादाला डिकौलीच्या डोंगरावरून ढकललं ते याच नदीत, आणि होलिकाही इथेच जळाली, असं गावकरी मानतात. होळीभोवती बोंबा मारणाऱ्या नातवंडांना ही गोष्ट नदीकाठी बसून सांगा. घरी सांगितलेली आणि इथे सांगितलेली, यांत फरक पडतोच.

पण तेवढ्यावर निघू नका. एरचचं जुनं नाव एरिकच्छ. इथे ब्राह्मी लेख असलेल्या विटा आणि जुनी नाणी सापडली आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे राजे होते, त्यांची बांधकामं होती. जामा मशीद १४१२ सालची. एवढा इतिहास असून सहलीच्या पत्रकात एरचचं नाव नसतं, याचं मला नवल वाटतं.

गाव लहान आहे, तेव्हा जेवणाचे डबे झाशीहूनच घ्या. पुरणपोळ्या प्रवासात टिकतात. ज्येष्ठ सभासद असतील तर सकाळी लवकर निघा, उन्हं तापतात. आणि पायाखाली विटेचा जुना तुकडा दिसला तर फोटो काढा, पण पिशवीत टाकू नका.