आधी घोडा, मग वजीर

मंडळी, फराळाचं ताट जरा बाजूला सारा आणि घरातला बुद्धिबळाचा पट काढा. मुलांनी एखादा उंट हरवला असला तरी चालेल, आज त्याची गरज नाही.

पांढरे : राजा एच१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी जी२ आणि एच२. काळे : राजा एच८, वजीर बी२, हत्ती डी८, प्यादी जी७ आणि एच७. पांढऱ्याने खेळून चार खेळींत मात करायची. फुरसत मुळीच नाही. काळ्याचा हत्ती डी१ वर उतरला की आपलाच कारभार आटोपला!

माझं माहेर सांगलीचं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावाला बुद्धिबळाचं वेड लावलं, ते गाव. आपली मुलगी काही भाग्यश्री साठे होणार नाही, हे अण्णांना लवकरच कळलं, पण त्यांनी शिकवणं सोडलं नाही. १९८८ साली लग्न होऊन मी अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्या प्रत्येक एरोग्रामच्या शेवटी, "अनेक आशीर्वाद"च्या खाली, एक कोडं असायचं. उत्तर पाठवून ते बरोबर की चूक हे कळेपर्यंत महिना जायचा.

वरचं कोडं त्यांतलंच. मी उत्साहाने कळवलं : वजीर जी८ वर, शह! हत्तीने वजीर मारला की घोडा एफ७ वर, मात. कोंडलेला राजा हलणार कुठे? महिन्याने अण्णांचं उत्तर आलं : "हत्तीने कशाला? राजाच मारेल की वजीर. कल्पना बरोबर, क्रम चुकला."

खरा क्रम असा. आधी घोडा एफ७ वर, शह. राजा जी८ वर. मग घोडा एच६ वर, म्हणजे घोडा आणि वजीर दोघांचा एकदम शह. राजा एफ८ वर पळाला, तर वजीर एफ७ वर येऊन लगेच मात. तो एच८ वर परतला, की आता वजीर जी८ वर! या वेळी त्या घरावर घोड्याचा पहारा आहे, राजाला हात लावता येत नाही. हत्तीला मारावंच लागतं. आणि घोडा पुन्हा एफ७ वर. मात! राजाची वाट अडवली ती त्याच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी. मंडळाच्या कार्यक्रमानंतर आपल्याच लोकांच्या चार गाड्यांमध्ये आपली गाडी अडकते ना, तसं.

या मातीला नाव फिलिडोरचं, पण तो अठराव्या शतकातला. स्पेनमधल्या लुसेनाच्या १४९७ सालच्या पुस्तकातही अशी मात आहे.

पुढे फोन स्वस्त झाले, पत्रं थांबली, कोडीही थांबली. मग अण्णांना विस्मरण सुरू झालं. शेवटच्या वर्षी सांगलीला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आपण कुणाकडच्या?" स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. संध्याकाळी काय वाटलं कोण जाणे, पट काढून त्यांच्यापुढे हीच मांडणी केली आणि मुद्दाम वजीर उचलला.

अण्णा बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "घाई करतेस. आधी घोडा."

माझं नाव त्यांना त्या दिवशीही आठवलं नाही. पण "आपण"वरून ते "करतेस"वर आले होते. मला तेवढं पुरलं.

ते एरोग्राम अजून माझ्याकडे आहेत. त्यांतली सात कोडी सुटायची आहेत. उत्तर तपासायला आता कोणी नाही. लेक म्हणते, "आई, कॉम्प्युटरला विचार, सेकंदात सांगेल." सांगेल खरं. पण मी महिनाभर थांबणार आहे.