तंजावरची लॉरी अडखळते तेव्हा

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सरफोजीराजांचा सरस्वती महाल, आणि बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख. पर्यटकांच्या बसगाड्या तेवढ्यासाठीच थांबतात. त्रिचीच्या किंवा कुंभकोणमच्या रस्त्याला लागले की मात्र दुसरेच तंजावर सुरू होते. दोन्ही हातांना भाताची हिरवी खाचरे, अधूनमधून कालव्याचे पाणी, आणि रस्त्याच्या कडेला पोत्यांनी लादलेल्या मालमोटारी. तमिळ माणूस तिला ट्रक म्हणत नाही. त्याच्या तोंडी तिचे नाव लॉरी.

या लॉरीवर इथले बरेच काही अवलंबून आहे. कावेरीचे हे खोरे तमिळनाडूचे भाताचे कोठार समजले जाते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात (पाणी पुरेसे असेल तर!) आणि कुरुवै भाताची लावणी सुरू होते. भारतीय अन्न महामंडळ १४ जानेवारी १९६५ रोजी स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले जिल्हा कार्यालय दिल्लीला किंवा पंजाबात नव्हे, तर तंजावरला उघडले होते.

अडचण आहे ती कॅलेंडरची. कुरुवैची कापणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि ईशान्य मोसमी पाऊस येतो तोही ऑक्टोबरमध्ये. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. ओल्या वर्षी केंद्र सरकार ही मर्यादा थोडी वाढवून देते, पण त्यासाठी अर्ज, पाहणी, वाट बघणे आलेच. तोवर पोती उघड्यावर, ताडपत्रीखाली. लॉरी वेळेवर आली तर माल गोदामात जातो. ती वाटेत अडली तर चाळीस किलोच्या पोत्यातल्या भाताला कोंब फुटू लागतात. दहा टनांच्या एका खेपेत अशी अडीचशे पोती असतात. एवढे धान्य पिकवायला एखाद्या छोट्या शेतकऱ्याचा अख्खा हंगाम खर्ची पडतो.

इंजिन गुदमरते कशाने?

नेमक्या अशा दिवसांत जुनी लॉरी कुरकुरू लागते. उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही, सारखे थरथरते. कॅबिनचे दार खुळखुळते, आरसा हलतो. अॅक्सिलरेटर दाबला की गाडी उचल घेण्याआधी क्षणभर गुदमरते, झटका देते आणि मग कशीबशी निघते. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. मालकाच्या पोटात गोळा येतो. ‘इंजिन बसले’ हे दोन शब्द ऐकले की त्याला दिसते ते खोललेले इंजिन, कित्येक दिवसांचा खाडा आणि बँकेचा थकलेला हप्ता. मालक, ड्रायव्हर, क्लीनर आणि हमाल, अशी चार-पाच घरे एका लॉरीवर चालतात.

खरे तर बहुतेक वेळा इंजिन खोलण्याची पाळीच येत नाही. डिझेलच्या गाडीत पेट्रोलसारखे स्पार्क प्लग नसतात, कार्ब्युरेटर नसतो. तिला हवे असते ते स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि सिलिंडरात पुरेसा दाब. या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी तंजावरच्या हवामानात आणि तंजावरच्या मालामुळे आधी बिघडतात.

डिझेलपासून सुरुवात करू. काही लॉरी हंगामातच पळतात, मधले दिवस त्या अर्ध्या टाकीनिशी उभ्या असतात. टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की तिच्यातले पाणी थेंबाथेंबाने पत्र्यावर जमते आणि डिझेलमध्ये उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या मधल्या थरात सूक्ष्मजीव वाढून काळपट चिकट साका तयार होतो. हंगामाच्या पहिल्या खेपेला लॉरी खड्ड्यांतून हिंदकळली की हा सगळा गाळ ढवळून पंपाकडे निघतो. म्हणूनच जाणता मिस्त्री पाना घेऊन आधी टाकीखाली शिरतो. टाकीच्या तळाची चावी सैल करून तो थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढतो. बाटली काही वेळ ठेवली की तळाला पाण्याचा थर स्पष्ट दिसतो.

टाकीचे झाकणही बघावे. त्याला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते चिखलाने किंवा रंगाने बुजले की डिझेल उपसले जाते तसतशी टाकीत निर्वात पोकळी होते आणि गाडी काही किलोमीटरनंतर गुदमरते. झाकण सैल करून गाडी सुधारली, तर दुरुस्ती फुकटात झाली म्हणायची!

सगळ्यात फसवा आजार म्हणजे पाइपात शिरलेली हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे त्या भागात एखादा वायसर झिजला किंवा रबरी नळी तडकली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. पाइप बाहेरून कोरडाठाक दिसतो आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो, ‘अण्णा, कुठेच लीक नाही.’ (अण्णा म्हणजे तिथेही थोरला भाऊच.) अशा वेळी मिस्त्री त्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी बसवून बुडबुडे दिसतात का ते पाहतो. दिसले तर सांधे बदलायचे, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचे. फेसाळ डिझेल जाऊन अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. याला ‘एअर काढणे’ म्हणतात. फिल्टर बदलल्यावर एअर नीट काढली नाही, एवढ्या कारणानेही लॉरी अडखळते.

आता हवेकडे वळू. मळणीच्या वेळी आणि पोती भरताना उडणारी बारीक तुसाची धूळ म्हणजे एअर क्लीनरचा काळ. जुन्या गाड्यांत तेलाचे भांडे असलेले क्लीनर असतात. हंगामात ते तेल काही दिवसांतच चिखलासारखे घट्ट होते. मग हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि चढावर काळा धूर निघतो. धुराचा रंग बघायला पैसे पडत नाहीत. काळा धूर असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, आणि तेव्हा मात्र खिशाला चाट बसण्याची तयारी ठेवावी.

सहांपैकी कोण?

एवढे करूनही थरथर राहिली, तर सहा सिलिंडरांपैकी गुन्हेगार शोधावा लागतो. टाटांचे जुने ६९७ इंजिन याच जातीचे. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, नावातच हिशेब. इंजिन मंद गतीत ठेवून मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर सैल करतो. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर हाच तो कामचुकार! मग त्याचा नोझल काढून टेस्टरवर बघायचा. डिझेल धुक्यासारखे फवारले पाहिजे, थेंब गळता कामा नये. नोझल ठीक निघाला तर टॅपेटचे अंतर आणि शेवटी कॉम्प्रेशन.

ही परीक्षा फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्यातही उडणाऱ्या धारेसमोर बोट नेऊ नये, कारण दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि वरून सुईच्या टोकाएवढी दिसणारी जखम हात गमावण्यापर्यंत नेऊ शकते. कॉमन रेलच्या गाड्यांत दाब हजार बारच्याही पुढे असतो. तिथे चालू इंजिनाच्या नटाला हातच लावायचा नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांना तर स्कॅनर लावूनच दुखणे विचारावे लागते.

घाईच्या दिवसांत एक पळवाट सर्रास निघते. आयडलिंगचा स्क्रू फिरवून इंजिनाची मंद गती वाढवायची. थरथर थांबते, ड्रायव्हर खूश होतो आणि डिझेल जादा जळत राहते. आजार तसाच आत. त्याहून वाईट म्हणजे फ्युएल पंपाचे सील तोडून अंदाजाने केलेली खुडबूड. बंगळुरूच्या मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, पण जुने ड्रायव्हर अजून ‘मायको पंप’च म्हणतात. हा पंप जुळवायचा तो टेस्ट बेंचवर, मोजमाप करून, आणि तोही बाकी सगळे तपासून झाल्यावर.

सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या जात. त्यांतल्या काही आजही जपलेल्या आहेत. लॉरीच्या बाबतीत एवढी हौस कोणी करत नाही, पण फिल्टर कधी बदलला, तेल कधी टाकले, नोझल कोणत्या तारखेला तपासले, हे लिहिलेली साधी वही कॅबिनमध्ये असली तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो. कित्येक घरांत हिशेबाची वही मालकाची बायकोच ठेवते. हेही एक पान तिच्याकडे सोपवायला हरकत नाही.

हंगामाआधीची साफसफाई कधी करायची, याला तंजावरात मुहूर्त तयार आहे. आपली खंडेनवमी तिथे आयुधपूजा म्हणून साजरी होते आणि ती कुरुवैच्या कापणीच्या सुमारासच येते. त्या दिवशी लॉरी धुऊन पुसून तिला केळीचे खांब बांधतात, झेंडूच्या माळा घालतात, गंध लावतात. आदल्या संध्याकाळी टाकीतले पाणी काढावे, एअर क्लीनरचे तेल बदलावे, नवा फिल्टर चढवून एअर काढावी आणि टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी. सकाळी कोहळा फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि ड्रायव्हर चावी फिरवून गाडी जरा पुढे घेतो. लिंबे चिरडतात. लॉरी भात भरायला निघते.