यतिभंग

यंत्रांविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. आमचा व्यवसाय शब्दांचा. तथापि आमच्याजवळ १९९१ सालची एक माझदा मियाटा आहे, आणि तिचे ब्रेक बदलताना आमच्या एका असत्याचा जो निकाल लागला, त्याचा हिशेब कधीतरी मांडायलाच हवा होता.

आमचे वास्तव्य कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे. २०१२ साली ही गाडी आम्ही जुनी म्हणूनच घेतली. दोनच आसने, उघडता येणारे छप्पर आणि वजन हजार किलोंच्या आत. २०१६ च्या उन्हाळ्यात आमचे वडील वाईहून आले. अण्णा मराठीचे निवृत्त शिक्षक. शाळेत असताना आम्ही रचलेल्या श्लोकांवर त्यांचा ठरलेला शेरा असे : ‘यतिभंग.’ शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर थांबायचे असते. आमचा शब्द मात्र तेराव्या-चौदाव्या अक्षरापर्यंत घरंगळत जाई. ज्याला थांबता येत नाही त्याने वृत्ताच्या वाटेस जाऊ नये, असे ते म्हणत.

त्यांना आम्ही माउंट हॅमिल्टनवर नेले. सुमारे १,२८० मीटर उंचीच्या या शिखरावर लिक वेधशाळा आहे. तिचे सामान घोडागाड्यांनी वर न्यायचे होते. घोडे थकू नयेत म्हणून १८७६ साली हा रस्ता बांधताना चढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास राखला गेला, आणि त्यामुळेच त्याला शेकडो वळणे पडली. तेथील ३६ इंची दुर्बीण १८८८ साली सुरू झाली; जिच्यासाठी जेम्स लिक यांनी आपले धन दिले, त्या दुर्बिणीच्या पायाशीच त्यांचे दफन झालेले आहे. अण्णा तेथे बराच वेळ उभे राहिले.

उतरताना मात्र आम्हाला आमचे कौशल्य दाखवायचे होते. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक, वळण संपताच पुन्हा वेग. अण्णांचा हात दाराच्या कडेवर घट्ट आवळलेला आम्हाला दिसत होता. आम्ही तो पाहिला नाही, असे स्वतःला भासवले. निम्मा उतार सरल्यावर एका वळणाआधी पाय दाबला आणि पेडल खाली गेले, खाली, अगदी तळापर्यंत. पायाखाली विरोध म्हणून काही उरला नव्हता. दुसरा गियर, हाताचा ब्रेक आणि दैवाने तेथेच असलेली रस्त्याकडेची रुंद जागा, यांच्या बळावर गाडी थांबली.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “पसरणी घाटात एस.टी.चे ड्रायव्हर ज्या गियरात चढतात, त्याच गियरात उतरतात.”

“अण्णा, या गाडीचे ब्रेकच लहान आहेत. जुनं मॉडेल आहे ना,” आम्ही उत्तरलो.

ते काहीच बोलले नाहीत. हेच ते असत्य. घरी आल्यावर त्याला तांत्रिक आधार शोधणे आम्हाला मुळीच जड गेले नाही. १.६ लिटर इंजिनाच्या आमच्या गाडीची पुढची तबकडी २३५ मिलिमीटरची आणि मागची २३१ची. १९९४च्या मॉडेलात इंजिन १.८ लिटरचे झाले, तेव्हा तबकड्याही २५५ आणि २५१च्या झाल्या. नव्या मॉडेलचे हे भाग जुन्या गाडीला जसेच्या तसे बसतात. ज्या ब्रॅकेटवर कॅलिपर बसतो ते ब्रॅकेट त्याला चाकाच्या मध्यापासून दहा मिलिमीटर अधिक बाहेर धरते. बदलाचे मर्म एवढेच. तेवढ्या वाढलेल्या अंतराने, पाय तितकाच दाबला तरी, चाकावरची पकड सुमारे एक दशांशाने वाढते. २००१ पासून काही गाड्यांना याहूनही मोठे, २७० मिलिमीटरचे ब्रेक आले. पण ते १४ इंची चाकात मावत नाहीत, १५ इंची चाके घ्यावी लागतात. म्हणून आम्ही मधल्या पिढीवर थांबलो. बदल मागेपुढे दोन्हीकडे करायचा, हेही ठरवले. एकाच टोकाला बळ दिले तर पुढच्या-मागच्या चाकांमधला तोल जातो.

भंगारात आलेल्या १९९५च्या एका मियाटाचे ब्रॅकेट आणि कॅलिपर मिळाले. तबकड्या आणि पॅड नवे घेतले. दोन दिवस आम्ही गॅरेजमध्ये राबलो. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसत आणि पाना मागितला की अचूक तोच पाना हाती देत.

शेवटी नळ्यांतली हवा काढायचे काम आले. त्याला दोन माणसे लागतात. अण्णा चालकाच्या जागी बसले, आम्ही चाकापाशी जमिनीवर. “दाबा,” म्हटले की ते पेडल दाबत आणि “दाबलं” म्हणत. आम्ही निपल सैल करायचे, द्रव बाटलीत येऊ द्यायचा, निपल आवळायचे आणि “सोडा” म्हणायचे. पहिल्याच चाकाला बाटलीत जे उतरले ते काळपट होते, फार उकळलेल्या चहासारखे. अण्णा उतरून आले. बाटली त्यांनी उजेडात धरली.

“हे किती वर्षांचं?”

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हे. ग्लायकॉलच्या जातीचा तो द्रव हवेतला ओलावा शोषत राहतो. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० वर येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाते. दोन माणसांसह अशी गाडी हजार मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तीत तीसेक लिटर पाणी उकळीला येईल. तिचा बराच वाटा हवा घेते, आणि गियर खालचा असेल तर इंजिनही घेते. इंजिनाचा तो वाटा आम्ही नाकारला होता. हे सर्व आम्ही तबकड्यांची मापे शोधताना वाचले होते. वाचून पुढे गेलो होतो.

“गाडी घेतल्यापासून बदललं नाही,” आम्ही म्हणालो. “चार वर्षं. त्याआधीचं ठाऊक नाही.”

“मग तबकड्या कशाला बदलल्यास?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नवे भाग वाईट होते, असे मुळीच नाही. मोठी तबकडी उष्णता अधिक सामावून घेते, वारंवारच्या ब्रेकने लवकर थकत नाही. हा लाभ खरा आहे. परंतु आम्ही ते आणले ते एका वाक्याला पुरावा म्हणून. ‘ब्रेक लहान होते’ हे वाक्य खरे ठरावे, एवढ्यासाठी आम्ही गाडी दुरुस्त करीत होतो. जुन्या संहितेतला दोष दाखवून स्वतःच्या वाचनातला आळस झाकणारे टीकाकार आम्ही पाहिले आहेत. त्या दिवशी आम्ही त्यांच्यातलेच एक होतो.

अण्णांनी पुढे काही ऐकवले नाही. पुन्हा जाऊन पेडलपाशी बसले. “दाबलं.” “सोडा.” चारही चाकांना स्वच्छ, फिकट द्रव येईपर्यंत तेवढेच दोन शब्द चालले. मग त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर त्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात तारीख घातली आणि द्रवाच्या डब्याशेजारी चिकटवली.

परतण्यापूर्वी ते आपण होऊन म्हणाले, पुन्हा वर जाऊ. उतरताना आम्ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरात ठेवली. नव्या तबकड्यांना फारसे काम पडलेच नाही. अण्णांचा हात मांडीवर होता.

२०२१ साली ते गेले. दर दोन वर्षांनी आम्ही द्रव बदलतो. पेडल आता पत्नी दाबते. नवी तारीख नव्या पट्टीवर लिहितो, आणि ती जुन्या पट्टीच्या खाली लावतो. जुनीवरची शाई तेथल्या उष्णतेने पुसट झाली आहे. अजून वाचता येते.