सा प सा ग प

ठाणे,
रविवार

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

परवा नातवाच्या मोबाइलवर तुम्ही रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम बघितलात आणि मला फोन करून म्हणालात, "दर गाण्याला नवी गिटार? एका वाद्यावर भागत नाही का यांचं? पैशाचा माज, दुसरं काय!" तुमच्याशी फोनवर वाद घालायचं धाडस या वयातही होत नाही, म्हणून लिहितो.

7 एप्रिल 2003. स्टोन्स मुंबईत आले होते, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मी तुम्हाला न सांगता गेलो होतो. (आता रागावून उपयोग नाही.) इतका लांब उभा होतो की त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स अंगठ्याएवढा दिसत होता. पण गाणं संपलं की अंधारातून एक माणूस वाकून यायचा, कीथच्या गळ्यातली गिटार उतरवायचा, दुसरी अडकवायचा आणि नाहीसा व्हायचा. मला मिरजेचा उरूस आठवला. दर्ग्यात मैफल सुरू व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही कोपऱ्यात बसून तंबोऱ्याच्या दोन जोड्या लावून ठेवायचात, एक काळी एकची, एक काळी चारची. बुवांचं गाणं संपून बाई बसल्या की जोडी बदलायची. त्याला कुणी माज म्हटलं नाही.

इथेही तेच आहे. कीथची बरीच गाणी गिटारीच्या नेहमीच्या मेळात नाहीतच. भर कार्यक्रमात खुंट्या पिळाव्यात तर दांडीवरचा ताण बदलतो. एक तार उतरवली की बाकीच्या चढतात. वर दिव्यांची धग, हाताचा घाम. पोलादी तार तापली की उतरते, हे मी तुम्हाला काय सांगणार? म्हणून प्रत्येक मेळाची गिटार आधीच लावून पडद्याआड उभी. 'टंबलिंग डाइस' या गाण्यासाठी तर दांडीवरच्या चौथ्या पडद्यावर चिमटा लावून षड्जच वर न्यावा लागतो. मिरवणं त्यात अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपले बुवाही शाल दोनदा सावरायचेच.

त्यातली एक गिटार तुम्हाला हातात घेऊन बघावीशी वाटेल. 1953 ची फेंडर टेलिकास्टर, जुन्या लोण्याच्या रंगाची, घोडी बदलून पितळेची बसवलेली. नाव मिकॉबर. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला तो सदा कर्जात बुडालेला आणि सदा आशेवर असलेला गृहस्थ, त्याचं. हिला तारा पाचच! सहावी, सगळ्यात जाड, कीथने काढून टाकली. उरलेल्या कशा लावल्यात? पांढरी पाचचा षड्ज धरा आणि जाडीकडून बारीककडे या: सा प सा ग प.

पेटीवर हे वाजवून बघितलं तेव्हा मला हसूच फुटलं. हा तर तंबोरा! आपल्याकडे गंधाराला तार नसते, खर्ज नीट लागला की तो आपला आपण बोलतो. यांनी त्याला वेगळी तार दिली, एवढंच.

हा मेळ मूळचा बँजोवाल्यांचा. कीथने तो राय कूडर या अमेरिकन वादकाकडून उचलला, साठच्या दशकाच्या शेवटी. एक बोट आडवं टाकलं की अख्खा मेळ जसाच्या तसा वर सरकतो. मग मोकळ्या राहिलेल्या बोटांनी मध्यम-धैवत छेडायचे नि सोडायचे. 'ब्राउन शुगर' आणि 'स्टार्ट मी अप'चा तो ठसका यातूनच येतो. आणि जाड तार का काढली? तिच्यावर षड्जाच्या खालचा पंचम घुमत राहतो आणि सगळं गढूळ होतं. खालची बाजू सांभाळायला बास गिटारवाला असतोच. तंबोऱ्यात नको ती गुणगुण आली की दोरा सरकवत तुम्ही अर्धा अर्धा तास घालवायचात. याने तारच उपटली. उपाय आडदांड आहे, पण कान तुमच्याच जातीचा.

आता एक काम. नातवाच्या गिटारीची सहावी तार त्याला काढायला सांगा. टाकू देऊ नका, डबीत ठेवा. पाचवी आणि पहिली एकेक स्वर उतरवायची, बाकीच्या तिघी आहेत तशाच. मोबाइलवर बघून लावायला तो बसेल. त्याला जरा बाजूला करा. गंधार तुम्हीच लावा.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बाळ