बरोसाच्या खोऱ्यांत

मद्याविषयीं कांहीं लिहावयाचें म्हटलें कीं आपल्या घरांतून दोन आवाज उठतात. वडील मंडळी म्हणतात, "हा विषय घरांत वाचावयाच्या मासिकांत कशाला?" आणि तरुण मंडळी म्हणतात, "यांत एवढें लिहिण्यासारखें तें काय?" प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही आवाज पुरते पटत नाहींत. ज्या वस्तूच्या पाठीमागें पावणेदोनशे वर्षांचे कष्ट, एका समाजाचें देशांतर, कायदे, कर्जें आणि कुलाभिमान उभे आहेत, ती वस्तु त्याज्य ठरवावयाची असली तरी ती ओळखून ठरवावी आणि ग्राह्य ठरवावयाची असली तरी ओळखूनच ठरवावी. या विचारानेंच मीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील द्राक्षमळे पाहिले, तेथील वाइन चाखली, आणि जें जिभेस व मनास जाणवलें तें येथें लिहीत आहें.

दक्षिण ऑस्ट्रेलिया हा प्रांत १८३६ सालीं वसविला गेला. त्या खंडांतील इतर कित्येक वसाहतींप्रमाणें येथें इंग्लंडांतून बंदिवान आणले गेले नाहींत. स्वखुशीनें आलेल्या लोकांची ही वसाहत. तिची राजधानी ॲडलेड. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेथें सहकुटुंब राहतो. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत त्याच्याकडे आम्हां उभयतांचें जाणें झालें. त्या गोलार्धांत मार्च म्हणजे उन्हाळ्याची अखेर आणि द्राक्षतोडणीचा ऐन हंगाम. शहराच्या ईशान्येस सुमारें ७० किलोमीटरांवर बरोसाचें खोरें लागतें. गवत वाळून पिंवळें पडलेलें, मधून मधून निलगिरीच्या जातीचे उंच, साल सुटलेले वृक्ष, आणि त्या रखरखीत देखाव्यांत एकदम हिरव्या वेलींच्या रांगा. मोटार डोंगराच्या वळणावर आली कीं सबंध खोरें रांगोळीच्या ठिपक्यांसारखें मांडलेलें दिसतें. या नांवाचीहि एक गंमत आहे. कर्नल विल्यम लाइट या मोजणी अधिकाऱ्यानें १८३७ सालीं स्पेनमधील एका रणभूमीच्या स्मरणार्थ हें नांव दिलें. लिहितांना अक्षरांत फरक झाला, आणि तें चुकलेलें नांवच नकाशावर कायम झालें.

या भूमीचे मूळचे धनी पेरामंक, न्गाजुरी व कौर्णा हे लोक. त्यांची भूमि कोणी विकत घेतली नाहीं कीं मागून घेतली नाहीं, ही गोष्ट पुढील सर्व पराक्रमाच्या कथा ऐकतांना ध्यानांत ठेवणें बरें. १८४२ सालीं येथें बेथनी नांवाचें पहिलें जर्मन खेडें वसलें. प्रशियाच्या राजानें सर्व प्रॉटेस्टंट पंथांची एकच उपासनापद्धति ठरविली. जुन्या ल्यूथरपंथीय खेडुतांना ती मानवेना. जॉर्ज फाइफ अँगस या धनिकाच्या साह्यानें ते आपल्या पाद्र्यांसह जहाजांत चढले आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास येऊन राहिले. उपासनेसाठीं देश सोडणारीं हीं माणसें कर्मठ, काटकसरी आणि एकत्र कुटुंबानें शेती करणारीं होतीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मन म्हणून त्यांच्याकडे संशयानें पाहिलें गेलें, आणि १९१७ च्या कायद्यानें प्रांतांतील कित्येक गांवांचीं जर्मन नांवें बदलण्यांत आलीं. त्यांतील कांहीं पुढें परत मिळालीं. वेलींचीं मुळें मात्र कोणी बदलूं शकलें नाहीं.

आतां चाखण्याची रीत सांगतों. प्रत्येक मळ्यावर पाहुण्यांसाठीं एक खोली असते. लांब फळीवर पेले मांडलेले, आणि शेजारीं एक भांडें. त्या भांड्याचा उपयोग कळतांच आमच्या सौ. ना फार आनंद झाला, कारण ती चक्क पिकदाणी होती! घोट तोंडांत घ्यावा, जिभेवर सर्वत्र फिरवावा, आणि थुंकून टाकावा. दिवसांत पंधरा-वीस प्रकार पाहणाऱ्या जाणत्यांची हीच रीत, आणि मींहि तीच पाळली. सौ. नीं तर पेला ओंठांस लावलाच नाहीं. नुसता वास घेतला. परंतु चव ही निम्म्याहून अधिक नाकाचीच करामत असल्यामुळें, आमच्या दोघांत अधिक नेमकें बोलणें त्यांचेंच होतें, हें कबूल केलें पाहिजे.

पहिला पेला रीसलिंग नांवाच्या पांढऱ्या वाइनचा. ही द्राक्षें खोऱ्याच्या पूर्वेकडील उंच भागांत आणि उत्तरेस क्लेअर येथें उत्तम होतात. रंग पाण्यांत लिंबू पिळल्यासारखा. चव स्वच्छ, टोंकदार आंबट, जणूं ईडलिंबाची साल नखानें खरवडली. गोडवा जवळ जवळ नाहींच. दुसऱ्या पेल्यांत तीच वाइन, पण दहा वर्षें बाटलींत राहिलेली. सौ. नीं पेला नाकाजवळ नेला आणि त्या म्हणाल्या, "ही तर आमच्या माजघरांतली कंदिलाची बाटली!" पुतण्या ओशाळला. पण पेला देणारी बाई हंसून म्हणाली कीं हेंच बरोबर. मुरलेल्या रीसलिंगमध्यें रॉकेलसारखा वास यावा, अशी तिची ओळखच आहे. सूर्यप्रकाशानें द्राक्षाच्या सालींत जीं द्रव्यें सांठतात त्यांपासून कालांतरानें हा वास निर्माण होतो. क्लेअरच्या कांहीं उत्पादकांनीं २००० सालीं मिळून ठरविलें कीं आपली रीसलिंग बुचाऐवजीं फिरकीच्या झांकणानें बंद करावयाची. कारण बुचाच्या सालींतील एका द्रव्यानें चांगली वाइनसुद्धां ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारूं लागते. जुन्या रसिकांनीं नाकें मुरडलीं. पण आज ऑस्ट्रेलियांतील बहुतेक बाटल्यांस तेंच झांकण दिसतें.

परंतु बरोसाचें खरें वैभव म्हणजे शिराझ. हिचा रंग पिकलेल्या जांभळाच्या रसासारखा दाट, कडेला किंचित् निळसर. वास आधीं करवंदाचा, मग काळ्या मिऱ्याचा, मग मसाल्याच्या डब्यांतील लवंगेचा. घोट घेतल्याबरोबर गोडीचा भास होतो, पण तो भासच. साखर बहुतेक सर्व आंबून गेलेली असते. नंतर हिरड्या आंवळल्या जातात. ही तुरटाई सालींतून व बियांतून येते. सुपारीचें खांड किंवा कच्चा आंवळा चावल्यावर तोंडाचें जें होतें तसेंच. आपल्या शास्त्रकारांनीं कषाय हा सहा रसांतील एक रस मानला, पण जेवणांत त्याला मोठें स्थान दिलें नाहीं. या लोकांनीं त्या एका रसावर केवढी इमारत उभारली आहे! एका पेल्यांत तर स्पष्ट निलगिरी तेलाचा वास आला. ही कल्पना नव्हे. मळ्याशेजारच्या निलगिरीच्या झाडांतील तेल वाऱ्याबरोबर द्राक्षांच्या सालींवर बसतें व वाइनमध्यें उतरतें, असें तेथील संशोधकांनीं मोजून दाखविलें आहे. पडशासाठीं रुमालावर जें तेल आपण शिंपडतों तें मूळ याच देशच्या वृक्षाचें. उटकमंडच्या डोंगरांवर तीं झाडें गेल्या शतकाच्याहि आधींच्या शतकांत येथूनच आलीं.

एवढी चव येते कोठून? उत्तर जमिनींत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत द्राक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या एका सूक्ष्म किड्यानें फ्रान्सचे मळे धुळीस मिळविले. १८७७ सालीं तो ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांतहि आढळला. दक्षिण ऑस्ट्रेलियानें मात्र बाहेरच्या वेलींस कडक बंदी केली, १८९९ सालीं खास कायदा केला, आणि हा किडा आजतागायत प्रांतांत शिरूं दिला नाहीं. मळ्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं आमचे जोडे तपासले गेले, तेव्हां सोंवळ्याची आठवण होऊन मला हंसूं आलें. पण हें सोंवळें सार्थ होतें. त्याच्याच बळावर टनुंडा गांवाजवळ १८४३ सालीं लावलेल्या शिराझच्या वेली अजून फळतात. त्यांचीं खोडें मनगटासारखीं नव्हेत, तर जुन्या वडाच्या पारंब्यांसारखीं पीळदार. फळ थोडें, मणी लहान, पण रस दाट. ३५, ७०, १०० व १२५ वर्षांवरील वेलींना या लोकांनीं २००९ सालीं निरनिराळ्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत; सव्वाशें वर्षांवरील वेलींना ते 'पूर्वज' म्हणतात.

आणि हे पूर्वज एकदां लांकूडफांट्याच्या मोलानें जाणार होते, ही हकीकत मला सर्वांत अधिक चटका लावून गेली. १९८० नंतरच्या दशकांत तांबड्या वाइनला गिऱ्हाईक उरलें नाहीं. सरकारनें शेतकऱ्यांस वेली उपटून टाकण्यासाठीं पैसे देऊं केले. आम्हांस मळा दाखविणारे एक सत्तरीचे गृहस्थ म्हणाले, "आजोबांनीं लावलेला अर्धा मळा मीं स्वतः ट्रॅक्टरनें उपटला. कर्ज फेडावयाचें होतें. उरलेला अर्धा ठेवला, कारण त्या दिवशीं संध्याकाळीं आई जेवली नाहीं." एवढेंच बोलून ते पुढें चालूं लागले. वाडवडिलांचा वाडा विकून ज्यांनीं चार भावांचे हिस्से केले असतील, त्यांना या वाक्याचें अधिक स्पष्टीकरण नको. त्याच सुमारास पीटर लेमन नांवाच्या एका वाइन करणाऱ्यानें, आपली कंपनी शेतकऱ्यांचीं द्राक्षें घेणार नाहीं असें ठरवितांच, "मीं त्यांना शब्द दिला आहे" म्हणून स्वतःचा निराळा कारखाना काढला व १९८० पासून तीं द्राक्षें विकत घेतलीं. २०१३ सालीं तो वारला. खोऱ्यांत त्याचें नांव अजून आदरानें घेतात.

हट्टाची आणखी एक कथा या देशांत प्रसिद्ध आहे. मॅक्स शूबर्ट या कारागिरानें फ्रान्स पाहून आल्यावर १९५१ सालीं, वर्षानुवर्षें मुरणारी ग्रेंज ही वाइन प्रथम केली. जाणत्यांनीं ती नापसंत केली, आणि १९५७ सालीं मालकांनीं ती बंद करण्याचा हुकूम दिला. शूबर्टनें ती तळघरांत लपून करणें चालूंच ठेविलें. मुरल्यावर तिची थोरवी पटली, आणि १९६० पासून ती पुन्हा उजळ माथ्यानें होऊं लागली. तिचा पेला आमच्या ऐपतीबाहेरचा असल्यामुळें तिच्या चवीविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं.

शेवटीं सेपेल्ट्सफील्ड. येथें १८७८ सालीं बेनो सेपेल्टनें ५०० लिटरांचें एक पिंप बाजूस ठेविलें आणि आज्ञा केली कीं शंभर वर्षें यास कोणी हात लावूं नये. त्यानंतर दरसाल एक पिंप ठेवण्याचा प्रघात पडला. मुलगे, नातू, पुढें परके मालकहि आले. पण वचन कोणीं मोडलें नाहीं, आणि १९७८ पासून दरवर्षीं शंभर वर्षांची वाइन येथें बाहेर निघते. रस्त्याच्या दुतर्फा खजुरीचीं दोन हजारांवर झाडें आहेत. १९३० च्या सुमाराच्या मंदींत कामगारांना घरीं न पाठवितां या कुटुंबानें त्यांना हीं झाडें लावण्याचें काम दिलें.

१९२४ सालच्या पिंपांतील चमचाभर वाइन मला मिळाली. तें माझ्या वडिलांच्या जन्माचें साल. काकवीइतकी दाट, रंग कढवलेल्या गुळासारखा. पेला कलता केला तर कांचेवर तपकिरी थर चिकटून राहतो. चव काळ्या मनुकांची, अक्रोडाची, खारकेची, आणि सर्वांच्या तळाशीं जुन्या लिंबाच्या लोणच्यासारखी खोल आंबटाई. ही मात्र मीं थुंकली नाहीं. शंभर वर्षांत पिंपांतून इतका अंश हवेंत उडून जातो कीं उरतें तें सारच. वडिलांनीं आयुष्यांत कधीं मद्यास स्पर्श केला नाहीं. पण आंबराईंत कलम लावतांना "हें आपल्यासाठीं नव्हे" असें ते म्हणत, तें वाक्य मला तेथें आठवलें. फळ आपणांस मिळणार नाहीं हें जाणून झाड लावणें, हा धर्म कोणा एका जातीचा नाहीं.

आतां विवेकाची बाजू. मी रसायनशास्त्र शिकविण्यांत जन्म घालविला; तेव्हां एवढें सांगणें माझें कर्तव्य आहे. आपल्या कपाटांतील द्राक्षासवांतहि, धायटीच्या फुलांबरोबर आंबतांना, थोडा मद्यार्क आपोआप उत्पन्न होतोच. परंतु तें औषध चमच्यानें घेतात, आणि शिराझमध्यें मद्यार्क शेंकडा १४-१५ असतो. कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट बजाविलें आहे; कर्करोगाशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. खुद्द त्या देशांतहि कित्येक संसार, विशेषतः मूळ रहिवाशांचे, मद्यानें उद्ध्वस्त केले आहेत. शेतकऱ्यांवरहि पुन्हा वाईट दिवस आले आहेत. चीननें बसविलेल्या भारी जकातीमुळें तांबडी वाइन गोदामांत तुंबली. ती जकात आम्ही परतण्याच्या सुमारास, मार्च २०२४ अखेर, उठली खरी, पण सांठा एवढा कीं कांहीं ठिकाणीं वेली पुन्हा उपटल्या जात होत्या.

म्हणून माझें मत विचाराल तर, आपल्या घरांतील नियम बदलण्याचें कोणतेंहि कारण मला त्या खोऱ्यांत सांपडलें नाहीं. परंतु त्या नियमाच्या आड आजवर जो एक प्रकारचा तुच्छभाव लपला होता, तो ठेवण्याचेंहि कारण उरलें नाहीं. नासिकच्या बाजूसहि आज मळे आहेत, वाइनचे कारखाने आहेत, आणि कर्जबाजारी शेतकरीहि आहेत. ते काय पिकवितात हें आपण न प्यालों तरी चालेल. पण तें कसें पिकवितात, पिढ्यान्‌पिढ्या काय जपतात आणि कोणत्या दिवशीं त्यांच्या घरीं आई जेवत नाहीं, एवढें तरी आपणांस ठाऊक असावें.