चांदी, सिमेंट आणि दात

आम्ही मुंब्र्याला राहतो आणि कल्याणच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत रोज लोकलने जायचं आणि मुलांना मोठ्याने वाचायला उभं करायचं, हे आमचं काम. मूल वाचू लागलं की त्याचे दात दिसतात. दर वर्गात किडलेले दात निघतात.

नववीतली एक मुलगी वाचताना ओढणी तोंडावर धरायची. समोरचे दोन दात जिथे एकमेकांना भिडतात तिथे काळी कीड होती. तिच्या अम्मीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "टीचर, निकाल देंगे तो झंझटच खतम." आमच्या मोहल्ल्यात दाताचा इलाज म्हणजे दात काढणं. पैसे कमी लागतात, एका खेपेत काम होतं. पुन्हापुन्हा मजुरी बुडवणं कुणाला परवडतं? पण समोरचा दात गेलेल्या मुलीला उद्या पाहायला येणारे काय बोलतील, हे त्या अम्मीला आमच्याहून जास्त ठाऊक. आम्हाला आणखी एक काळजी. वरचे दात खालच्या ओठाला टेकल्याशिवाय उर्दूतला 'फ' उमटत नाही. वाचनात हुशार मुलगी गप्प बसली असती.

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघींना घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. दात भरता येईल, असं ते म्हणाले.

आपल्याकडे लोक 'चांदी भरली' किंवा 'सिमेंट भरलं' म्हणतात. चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. ते दाताला चिकटत नाही, म्हणून पकड मिळावी यासाठी थोडा चांगला दातही कोरावा लागतो. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. दाताच्या रंगाचं जे भरतात ते कंपोझिट: राळ आणि काचेची बारीक पूड. त्या राळेचं पेटंट १९६२ साली अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांना मिळालं.

डॉक्टरांनी आधी रंगाचे नमुने दाताशेजारी धरले. निव्वळ पांढरा दात क्वचितच असतो. कुणाचा पिवळसर, कुणाचा करडा. हा रंग आधीच ठरवतात, कारण दात सुकला की आहे त्याहून पांढरा दिसतो. मग कीड कोरून काढली, आम्ल लावून धुतलं. आम्लाने दातावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, चिकटवणारा द्रव त्यांत शिरतो. थुंकी लागली तर पकड सुटते, म्हणून कापसाचे बोळे. मग पातळ थर आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश. त्या प्रकाशाने थर काही सेकंदांत घट्ट होतो. अम्मी जवळून बघत राहिल्या. भरलेली जागा कुठली, ते त्यांना सापडेना.

हे काम दात काढण्याहून महाग आहे. चहा-तंबाखूने त्याचा रंग बिघडतो, काही वर्षांनी ते बदलावंही लागतं. कीड नसेपर्यंत पोहोचली, रात्री ठणका लागला, तर नुसतं भरून भागत नाही. रूट कॅनल करावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो. खासगीत परवडत नसेल त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. पण कल्याणहून दादरला गाडी बदलत तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेलीच.

म्हणून पालकसभेत हजेरी आणि फीच्या गोष्टींआधी आम्ही एवढंच सांगतो: दुखायची वाट पाहू नका. काळा ठिपका दिसला की मुलाला घेऊन जा. त्या वेळी दात थोडक्यात वाचतो.