घाण्याचं पाणी

करडईतून तेल काढायचं तर आधी तिच्यात पाणी घालावं लागतं. घाणा बघायला आलेल्यांना हे पटत नाही. "तेलात पाणी? म्हणजे भेसळच की!" एका बाईंनी तोंडावर विचारलं होतं. मी त्यांना उखळाजवळ उभं केलं आणि म्हटलं, घटकाभर थांबा.

आमचा घाणा मोटरवर चालतो, पण उखळ आणि त्यात फिरणारी लाट, दोन्ही लाकडाचीच. मिनिटाला पंधराएक फेरे, त्याहून घाई नाही. एका घाण्याला बारा किलो करडई घालते. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसता चुरा होत राहतो, कोरडा, भुसभुशीत. मूठ आवळली तर गोळा बनत नाही, बोटांतून सांडतो. मग तांब्यातून पाण्याचा हबका मारायचा, थांबायचं, पुन्हा थोडं. चुरा एकमेकाला धरायला लागतो, उखळाच्या अंगाला चिकटतो, आणि लाटेला रगडायला काहीतरी घट्ट मिळतं. आवाज पालटतो. सरसर जाते, करकर सुरू होते. लाटेच्या बुडाशी आधी नुसती चकाकी दिसते, जणू कुणी ओलं बोट फिरवलं. बघता बघता तिथे तपकिरी तेलाचं तळं साचतं. पाणी पेंडीनं धरून ठेवलेलं असतं आणि तेलाला जागा सोडावी लागलेली असते. त्या बाईंनी तळहातावर थेंब घेऊन वास घेतला आणि दोन लिटर घेऊन गेल्या.

आमच्या मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी पेरायची पद्धत. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. काढणी भल्या पहाटे, दंवानं काटे नरम असतात तेव्हा. तरीही बाया हातापायांना फडकी गुंडाळतात. इतक्या कष्टाचा दाणा माझ्या दारात येतो, आणि बारा किलोला सव्वातीन लिटरच्या आसपास तेल निघतं. भाव जास्त का, असं कुणी विचारलं की मी आधी हे काटे सांगते.

मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या लहानपणी दगडी घाणा होता, बैलाचा. गावात गिरणी आली आणि तो बंद पडला. घाणे असे बंद पडू नयेत म्हणून झटणारेही होते. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ उभा राहिला. संघ चालवणाऱ्या कुमारप्पांच्या त्या कामात झवेरभाई पटेलांनी घाण्याची रचना सुधारली, बैलाचे श्रम कमी आणि तेल जास्त. तेली टिकला पाहिजे म्हणून कुणीतरी इतकं डोकं लावलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाणी किती, हे मात्र मी माझ्या चुकीतून शिकले. बारा किलोला पाऊण लिटरच्या आतबाहेर, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि त्यावरच चालत होते. एका वर्षी काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. माल आला तो वरून कोरडा, आतून ओलसर. मी नेहमीचंच माप ओतलं. तेल निघालं ते गढूळ. एरवी तीन-चार दिवसांत गाळ तळाला बसून वर आरशासारखं तेल येतं. यावेळी आठवडा झाला तरी ढगाळच. तशातच मी ते विकलं. कढईत तडतडलं, फेसाळलं, आणि तीन डबे परत आले. त्यातल्या एका घरात बाळंतीण होती. मला रात्रभर झोप लागली नाही.

मामा रागावले नाहीत. डब्यात बोट बुडवून त्यांनी उजेडाकडे धरलं आणि एवढंच विचारलं, "पोरी, सकाळी पोत्यात हात घातला होतास का?"

घातला नव्हता. वही बघितली होती.

आता वही आहे, पण ती हिशेबाला. पोतं उघडलं की कोपरापर्यंत हात आत घालते. मधला माल गार लागला तर ओल आहे. मग दाणा दाताखाली धरायचा. वाळलेला कट्‌कन फुटतो, ओला दबतो. पाण्याचा अंदाज तिथेच बांधायचा, तांब्या हातात घेण्याआधी.

काल यंदाची पहिली पोती आली. शेतकरी म्हणाला, चांगला वाळवलाय ताई. वरचा दाणा कट्‌कन वाजला. कोपरापर्यंत हात घालून काढलेला नाही वाजला. गिऱ्हाईकांचे फोन सुरू झालेत, पण गच्चीवर ताडपत्री अंथरलीय, आणि अजून दोन उन्हं तरी लागतील.